काम हाती घेण्याआधी हिशेब, काम चालू असताना नजर

कारखाना काढायचा, शेड बांधायची, जुने प्लेन लूम काढून रेपियर बसवायचे, दुकानाला मजला चढवायचा असा बेत ठरला की आपल्या व्यापारी बांधवांच्या अंगात हत्तीचे बळ येते. बिस्मिल्ला होते, पाया खणला जातो, मिठाई वाटली जाते. पहिले तीन महिने काम धडाक्यात चालते. मग कधी पत्रे येत नाहीत, कधी मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून जातो, कधी मशीनचा ॲडव्हान्स देऊन मशीन येत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात पैसा संपतो आणि काम अर्धे राहिलेले असते. मग घरातल्या दागिन्यांकडे नजर वळते, चालत्या धंद्यातले भांडवल काढून शेडमध्ये ओतले जाते आणि नव्या कारखान्यापायी जुना धंदाही लंगडा होतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, कोठेही जा, उघड्या भिंतींची अशी एक तरी शेड दिसतेच.

यात मेहनत कमी पडली असे म्हणता येत नाही. आपला माणूस मेहनतीला कधी मागे हटत नाही. अक्कल कमी पडली असेही नाही, कारण हाच माणूस कापडाच्या बाजारात पैशा-दोन पैशांचा फरक बोटांवर मोजतो. कमी पडतो तो कामावरचा ताबा. याच ताब्याला मोठ्या कंपन्यांत ‘प्रोजेक्ट कंट्रोल’ म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी गोष्ट आपल्या रोजमेळाइतकीच जुनी आहे. त्याबद्दल आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

ताबा म्हणजे काय?

दुकानाचा हिशेब आपण रोज ठेवतो, कारण दुकान रोज चालते. शेड बांधणे, कारखाना हलवणे, मोठी ऑर्डर पुरी करणे ही कामे मात्र एकदाच होतात. त्यांना सुरुवात असते आणि शेवट असतो. अशा कामात चार गोष्टी आधी कागदावर याव्या लागतात. काय करायचे, किती दिवसांत करायचे, किती पैशांत करायचे आणि कोणाच्या जबाबदारीवर करायचे. ही झाली योजना. परंतु योजना म्हणजे ताबा नव्हे. ठरवल्याप्रमाणे होत आहे की नाही हे दर आठवड्याला पाहणे आणि फरक दिसताच हात घालणे, याला ताबा म्हणतात. योजना करून कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत, दर आठवड्याला ती बाहेर काढणारे थोडे.

या शास्त्राची सुरुवातही कारखान्यांतूनच झाली. अमेरिकेत हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामाचे आडव्या रेघांचे तक्ते रूढ केले. कोणते काम कधी सुरू, कधी संपणार, आज कोठे आले, हे एका नजरेत दिसावे हा त्यांचा हेतू. पुढे १९५७च्या सुमारास ड्यूपाँ या रसायनांच्या कंपनीत, आणि १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात, कोणत्या कामामुळे सगळे काम अडते हे शोधण्याच्या रीती निघाल्या. १९६७ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या मोठ्या कंत्राटदारांना, पैसा किती गेला एवढेच सांगू नका, त्या पैशात काम किती झाले तेही दाखवा, असा नियम घातला. या तीन गोष्टी समजल्या की या विद्येचा गाभा हाती आला.

दोन मेट्रोंचा धडा

आपल्याच देशातली दोन उदाहरणे पाहू. कोलकात्याच्या मेट्रो रेल्वेची पायाभरणी डिसेंबर १९७२ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाली. पहिला साडेतीन किलोमीटरांचा टप्पा सुरू व्हायला ऑक्टोबर १९८४ उजाडला. दमदम ते टॉलीगंज हा सुमारे साडेसोळा किलोमीटरांचा पुरा मार्ग १९९५ साली चालू झाला. म्हणजे बावीस-तेवीस वर्षे लागली. इतकी वर्षे शहराचे रस्ते खोदलेले राहिले, आणि रस्त्याकाठच्या दुकानदारांनी काय सोसले असेल याची कल्पना आपण व्यापाऱ्यांनीच करावी.

दिल्ली मेट्रोचे बांधकाम १९९८ साली सुरू झाले आणि डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी गाडी धावू लागली. पुढे सुमारे ६५ किलोमीटरांचा पहिला टप्पा ठरलेल्या मुदतीच्या आत पार पडला आणि खर्चही अंदाजाच्या बाहेर गेला नाही. सरकारी कामात अशी गोष्ट क्वचितच घडते.

कोलकात्याच्या लोकांना दोष देणे इन्साफाचे होणार नाही. देशातले ते पहिलेच भुयारी काम होते, अनुभव नव्हता, आणि पैसा दिल्लीहून तुकड्या-तुकड्यांनी येत असे. दिल्लीला तयार तंत्रज्ञान मिळाले, जपानचे स्वस्त कर्ज मिळाले. तरीही फरकाचे मोठे कारण कामाच्या पद्धतीत होते. दिल्लीत निर्णय घेणारा माणूस एक होता आणि त्याला अधिकार होते. आठवड्याच्या आठवड्याला विभागप्रमुख बसत, कोणते काम मागे पडले ते तेथेच सांगितले जाई आणि निर्णय तेथेच होई. ठेकेदाराचे बिल अडवून ठेवण्याची सरकारी रीत बाजूला ठेवली होती, कारण ठेकेदाराचा पैसा अडला की मजूर निघून जातो आणि काम थांबते. ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको.

कोकण रेल्वेचे उलटे घड्याळ

दिल्ली मेट्रोचे प्रमुख ई. श्रीधरन हे त्याआधी कोकण रेल्वेचे प्रमुख होते. कोकणातल्या आपल्या वाचकांनी ते काम डोळ्यांनी पाहिले आहे. १९९० साली महामंडळ स्थापन झाले. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, लहान-मोठे मिळून जवळजवळ दोन हजार पूल. कामाच्या कार्यालयांत उलटी चालणारी घड्याळे लावली होती. किती दिवस झाले हे ती दाखवत नसत, किती दिवस उरले हे दाखवत. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, साहेबापासून शिपायापर्यंत, रोज तो आकडा एकाने कमी झालेला दिसे. पुढे दिल्लीतही हीच घड्याळे लागली.

परंतु खरे ते पुरे सांगितले पाहिजे. कोकण रेल्वे पाच वर्षांत व्हायची होती. पूर्ण मार्गावर गाडी २६ जानेवारी १९९८ रोजी धावली. खर्चही मूळ अंदाजाच्या पुष्कळ पुढे गेला. गोव्यात मार्गावरून वाद झाला, काही काळ काम थांबले. पेडण्याच्या बोगद्यात दगडाऐवजी ओल्या चिकणमातीसारखी जमीन लागली, खणलेले पुन्हा ढासळत राहिले. अनेक कामगारांनी या मार्गावर जीव गमावला. म्हणजे कडक ताबा असला की संकट येत नाही असे नाही. संकट कोठे आले, किती दिवसांचे आले, आणि त्यासाठी बाकीचे काम कसे फिरवायचे, हे लवकर कळते एवढेच. अडलेल्या बोगद्यासाठी सगळी लाईन हात बांधून बसली नाही, जेथे रूळ तयार झाले तेथे टप्प्याटप्प्याने गाड्या सुरू झाल्या.

याउलट कामे आपल्या राज्यात कमी नाहीत. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, पुढे तो अठरा हजार कोटींवर गेला. तेवढी वर्षे पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे जे नुकसान झाले ते कोणत्याच वहीत लिहिलेले नाही.

कोणते काम सगळ्यांना अडवते?

आता आपल्या शेडकडे येऊ. समजा शेड बांधायला चार महिने लागतात. मशीन ठरवून आणायला तीन महिने. विजेचे जादा लोडचे कनेक्शन, ट्रान्सफॉर्मरसह, अर्ज केल्यापासून सहा महिने. आपला माणूस काय करतो? आधी शेड पुरी करतो, मग ‘आता वीज घेऊ’ म्हणून अर्ज देतो. चार अधिक सहा, दहा महिने झाले. मशीन मात्र पाचव्या महिन्यातच येऊन ताडपत्रीखाली गंजत पडलेली असते. हाच अर्ज, जागेचे कागद हाती येताच, पहिल्या आठवड्यात दिला असता तर सहा महिन्यांत लूम फिरले असते. भिंती बांधणाऱ्या गवंड्याला दुप्पट मजुरी देऊन शेड तीन महिन्यांत उठवली तरी एकही दिवस वाचत नाही, कारण सगळे काम विजेवर अडलेले आहे.

वाया गेलेल्या या चार महिन्यांची किंमत किती? चाळीस लाखांचे बँकेचे कर्ज बारा टक्क्यांनी असेल तर महिन्याला चाळीस हजार, चार महिन्यांचे एक लाख साठ हजार. बँकेकडे जावे की न जावे हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा सवाल आहे. पण पैसा भागीदाराचा असला, भावाने सौदीतून पाठवलेला असला, तरी तो अडकून पडतोच. शिवाय चार महिन्यांचे कापड निघाले नाही, आणि ज्या बड्या व्यापाऱ्याला माल देण्याचा वायदा केला तो दुसरीकडे गेला.

म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर सगळी कामे लिहावीत, कोणते काम कोणाच्या आधी झाले पाहिजे ते बाणाने दाखवावे, आणि सर्वांत लांब वाट कोणती ती लाल पेन्सिलीने अधोरेखित करावी. मालकाची नजर रोज त्या लाल रेघेवर असावी. बाकीची कामे मुकादम पाहील.

खर्च किती झाला, हे विचारणे पुरेसे नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा आठ जुने रेपियर बसवण्याचे काम आहे. अंदाज साठ लाखांचा, मुदत दहा महिन्यांची. योजनेप्रमाणे चार महिन्यांअखेर चोवीस लाखांचे काम व्हायला हवे. वही काढली, बावीस लाख खर्च झालेला दिसतो. मालक खूष होतो, ‘अल्हम्दुलिल्लाह, दोन लाख वाचले.’

वाचले नाहीत. गवंड्याने किती बांधले, पत्रे किती चढले, वायरिंग किती झाले, हे मोजायला गेलो तर प्रत्यक्षात अठराच लाखांचे काम उभे आहे. म्हणजे बावीस लाख देऊन अठरा लाखांचे काम मिळाले, रुपयाला ब्याऐंशी पैशांचे. हाच दर राहिला तर साठ लाखांचे काम त्र्याहत्तर लाखांवर जाईल. आणि चार महिन्यांत तीस टक्केच काम झाले असेल तर दहा महिन्यांचे काम तेरा महिन्यांच्या पुढे जाईल. तेरा लाखांची तूट आणि तीन महिन्यांचा उशीर, दोन्ही गोष्टी चौथ्या महिन्यात कळल्या. नुसती खर्चाची वही पाहणाऱ्याला त्या नवव्या महिन्यात कळतील, जेव्हा हातात पैसाही नसेल आणि मार्गही नसेल.

चौथ्या महिन्यात मात्र मार्ग असतात. आठऐवजी पाच लूम बसवून कारखाना सुरू करता येतो. ठेकेदाराशी दर पुन्हा ठरवता येतो. ऑफिस, फरशी, कंपाउंड पुढे ढकलता येते. भागीदाराला वेळेवर खरे सांगता येते.

काम मोजायचे कसे? सबंध कामाचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येकाची किंमत आधी लिहावी. पाया आणि जोते एवढ्याचे, भिंती एवढ्याच्या, पत्रे एवढ्याचे, वायरिंग एवढ्याचे, मशीन एवढ्याच्या, फिटिंग एवढ्याचे. जो तुकडा पुरा झाला तोच जमा धरावा. ‘नव्वद टक्के झाले’ या शब्दावर विश्वास ठेवू नये, कारण शेवटचे दहा टक्के निम्मा वेळ खातात. मशीनच्या दलालाला दिलेला ॲडव्हान्स हा खर्च आहे, काम नव्हे. मशीन दारात उतरली म्हणजे ते काम.

येथेच सरकारी सवलतींबद्दलही सांगितले पाहिजे. कापड धंद्याच्या तंत्रसुधारणेसाठी १९९९ साली केंद्राची टफ योजना आली, २०१६ पासून तिचे सुधारित रूप आले आणि तेही मार्च २०२२ मध्ये संपले. त्या काळात कित्येकांनी सबसिडी हातात आलीच आहे असे धरून काम काढले आणि रक्कम मिळेपर्यंत वर्षे गेली. सवलत कोणतीही असो, ती आली तर बरकत समजावी. काम पुरे करण्याच्या पैशात तिला धरू नये.

वाढत जाणारे काम

काम बिघडवणारा दुसरा दुश्मन म्हणजे मध्येच सुचणाऱ्या कल्पना. पाया झाल्यावर कोणी म्हणते, ‘आता खणलेच आहे तर वर मजल्याची सोय ठेवा.’ भिंती झाल्यावर कोणी म्हणते, ‘सायझिंगही येथेच घालू.’ प्रत्येक गोष्ट चांगली असते आणि प्रत्येक गोष्टीने अंदाज मोडतो.

ऑस्ट्रेलियातले सिडनीचे ऑपेरा हाऊस जगभर प्रसिद्ध आहे. १९५९ साली आराखडे पुरे होण्याआधीच त्याचे काम सुरू केले गेले. छत कसे उभे करायचे तेच ठरले नव्हते. मूळ अंदाज सत्तर लाख डॉलर्सचा आणि मुदत १९६३ची. इमारत १९७३ साली पुरी झाली, खर्च दहा कोटी डॉलर्सच्या पुढे गेला, आणि तिचा वास्तुशिल्पी १९६६ सालीच राजीनामा देऊन निघून गेला होता. सरकारने तो पैसा उभा केला, आज इमारत देखणी आहे. आपल्या मागे कोणते सरकार उभे आहे?

बदल करूच नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु तोंडी करू नये. काय वाढवायचे, किती पैसे, किती दिवस, हे तीन आकडे लिहून त्याखाली मालकाची सही होईपर्यंत मिस्त्रीने वीट हलवू नये. तीन आकडे डोळ्यांसमोर आले की निम्म्या कल्पना आपोआप गळून पडतात.

कारागिरांसाठी आणि जमातीसाठी

आम्ही शेडबद्दल लिहिले म्हणून कारागीर बांधवांनी पान उलटू नये. जरीकाम करणारा, शिवणकाम करणारा, फर्निचर करणारा, यांची प्रत्येक मोठी ऑर्डर हेही एकदाच होणारे काम आहे. चाळीस दिवसांत चाळीस नग द्यायचे असतील तर दहाव्या दिवशी दहा नग हातावेगळे झाले की नाही ते पाहावे. झाले नसतील तर त्याच दिवशी एक कारागीर वाढवावा किंवा गिऱ्हाईकाला कळवावे. पस्तिसाव्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही, ईदचा चांद कोणासाठी थांबत नाही.

आणि जमातीची कामे! मशीद, मदरसा, शाळेची इमारत, शादीखाना. चंदा जमतो, काम सुरू होते, कमिटी बदलते आणि इमारत वर्षानुवर्षे सळ्या वर काढून उभी राहते. विधवेने दिलेल्या पन्नास रुपयांपासून परदेशातल्या भावाने पाठवलेल्या लाखापर्यंत, तो सगळा पैसा अमानत आहे. दर महिन्याला जमा किती, खर्च किती, आणि काम किती झाले, असा एक कागद जुम्याच्या नमाजेनंतर नोटीस बोर्डावर लावला तर निम्मे भांडण मिटते आणि चंदाही वाढतो. लोक पैसा द्यायला कचरत नाहीत, हिशेब दिसत नाही म्हणून कचरतात.

काही जण म्हणतात, ‘इतके लिहायचे म्हणजे भावाभावांत अविश्वास.’ आमचे म्हणणे उलट आहे. कुरआन शरीफातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. मुदारबतीच्या भागीदारीत, म्हणजे एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत असते तेथे, काम करणाऱ्याचा निष्काळजीपणा नसेल तर भांडवलाचे नुकसान पैसेवाल्याने सोसायचे असते. मग निष्काळजीपणा नव्हता हे दाखवणार कशावरून? आठवड्याच्या आठवड्याला लिहिलेल्या वहीवरूनच. लिहिलेला कागद इमानदार माणसाचा साक्षीदार असतो.

एवढे तरी करा

संगणक, इंजिनिअर, मोठा पगारी मॅनेजर यांची लहान कामाला गरज नाही. शंभर पानी वही पुरे. पहिल्या पानावर कामाचे तुकडे, त्यांची किंमत आणि तारखा. दुसऱ्या पानावर बाणांचा तक्ता आणि लाल रेघ. पुढे दर आठवड्याला एक पान, त्यात तीन आकडे: व्हायला हवे होते ते काम, झालेले काम, गेलेला पैसा. मागच्या बाजूला वाढीव कामे, सहीसह. अंदाजाच्या वर दहा टक्के रक्कम वेगळी ठेवावी आणि ती मालकाशिवाय कोणी उघडू नये. आठवड्यातला एक दिवस आणि एक वेळ ठरवावी. त्या वेळी मिस्त्री, मुकादम, इलेक्ट्रिशियन आणि भागीदार समोर बसावेत. मागे पडलेल्याला शिव्या देऊ नयेत, कारण शिव्या खाणारा पुढच्या वेळी खोटे सांगतो, आणि खोट्या आकड्यांवर ताबा राहत नाही. काय अडले आहे ते विचारावे आणि ते त्याच दिवशी सोडवावे.

नवे काम काढणाऱ्या बांधवांना आमची विनंती एवढीच आहे की पाया खणण्याआधी ही वही आणावी. मिठाई त्यानंतर वाटावी. तवक्कुल अल्लाहवर जरूर असावा, पण उंट बांधून.